अर्धा मिलिमीटर आणि वीस मिल

सोव्हिएत बनावटीच्या एका जुन्या मशीनचं कंट्रोल कार्ड माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. भिलाईत याचं कुणाला नवल वाटत नाही. इथला पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीनं उभा राहिला, त्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, आणि रशियन अक्षरं छापलेले सुटे भाग आजही इथल्या वर्कशॉपांच्या फडताळांत निघतात. त्या कार्डावर ४० पायांचा एक प्रोसेसर होता, केआर ५८० मालिकेतला; इंटेलच्या ८०८० ची ती सोव्हिएत आवृत्ती. तो काढून तिथे सॉकेट बसवायचं ठरलं. सॉकेट नागपूरहून, सीताबर्डीवरून आणलेलं, चांगल्या प्रतीचं. मधल्या पायांनी भोकं धरली, पण दोन्ही टोकांचे पाय भोकांच्या बाहेर राहिले. त्याच कार्डावरची १६ पायांची आयसी बदलली, तेव्हा मात्र आपल्या बाजारातली आयसी तिथे निमूट बसली होती.

याचं कारण दोन पायांमधल्या अंतरात आहे. अमेरिकी पद्धतीच्या आयसीत हे अंतर इंचाचा दहावा भाग, म्हणजे २.५४ मिलिमीटर असतं. सोव्हिएत अभियंत्यांनी मेट्रिक मापात राहायचं म्हणून ते २.५ मिलिमीटर धरलं. एका अंतरामागे फरक ०.०४ मिलिमीटरचा, साधारण केसाच्या जाडीपेक्षाही कमी. १६ पायांच्या आयसीत एका बाजूला आठ पाय आणि त्यांच्यात सात अंतरं. सगळा मिळून फरक ०.२८ मिलिमीटर होतो आणि भोकांच्या सैलपणात जिरून जातो. ४० पायांत एका बाजूला १९ अंतरं येतात. एकीकडे रांगेची लांबी ४७.५ मिलिमीटर, दुसरीकडे ४८.२६. पाऊण मिलिमीटरचा हा फरक कुठल्याही भोकात जिरत नाही.

दुर्गच्या पद्मनाभपुरातल्या आमच्या घरी पुढच्या खोलीत मी सर्किट बोर्डांचे लेआउट करून देते, आणि आसपासच्या इंजिनिअरिंग कॉलेजांची मुलं शंका घेऊन येतात त्यांना शिकवते. आमचं घराणं नागपूरकडचं. हा सगळा मुलूख मध्य प्रांतात होता आणि राजधानी नागपूर होती, त्या काळात इकडे आलेलं. मुलांच्या शंका अनेक प्रकारच्या असतात, पण एक शंका दर वर्षी नव्या चेहऱ्यानं येते: इंचाचं मिलिमीटर आणि मिलिमीटरचं इंच करताना आकडा थोडासा घसरतो, तो कुठे घसरतो आणि त्याची काळजी करावी का? या प्रश्नाचं उत्तर नीट सांगितलं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण अर्धवट उत्तरामुळे मुलं एकतर निर्धास्त होतात, नाहीतर उगाच घाबरतात.

सर्किट बोर्ड सगळ्यांनी पाहिलेला असतो. टीव्हीचा रिमोट किंवा मोबाइलचा चार्जर उघडला की आत जी हिरवी पाटी दिसते, ती. काचतंतूंच्या पाटीवर तांब्याच्या बारीक पट्ट्या असतात, त्यांना आम्ही ट्रॅक म्हणतो. भागांचे पाय जिथे सोल्डरनं जोडतात त्या तांब्याच्या ठिपक्यांना पॅड म्हणतात. कुठला पॅड कुठे, कुठला ट्रॅक किती रुंद, दोन ट्रॅकमध्ये किती मोकळी जागा, हे सगळं आज सॉफ्टवेअरमध्ये काढतात आणि त्याच्या फाइली बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याकडे पाठवतात.

मी हे काम शिकले तेव्हा सॉफ्टवेअर आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. काचेच्या टेबलाखाली दिवा, टेबलावर इंचाच्या दहाव्या भागाचा ग्राफ, त्यावर पारदर्शक मायलर शीट, आणि तिच्यावर काळ्या चिकटपट्टीनं ट्रॅक आणि गोल चिकट्यांनी पॅड लावायचे. चित्र दुप्पट आकारात काढायचं आणि कॅमेऱ्यानं निम्मं करून फिल्म घ्यायची. दुप्पट काढण्यात मोठं शहाणपण होतं: हाताकडून झालेली चूक फिल्मवर निम्मी होऊन उतरायची. त्या ग्राफवर मिलिमीटरला जागाच नव्हती. फेअरचाइल्ड कंपनीत १९६४ साली दोन रांगांच्या पायांची आयसी तयार झाली, तिच्या पायांतलं अंतर इंचाचा दहावा भाग ठेवलं गेलं, आणि सगळ्या जगाचा ग्राफ त्यावर ठरला. इंचाच्या हजाराव्या भागाला बोर्डवाले मिल म्हणतात. लेथवरची माणसं त्यालाच थाऊ म्हणतात. शंभर मिल म्हणजे २.५४ मिमी, एक मिल म्हणजे ०.०२५४ मिमी.

पुढे भोकांशिवाय, पाटीच्या पृष्ठभागावरच बसणारे बारीक भाग आले, आणि त्यांच्याबरोबर मिलिमीटर आला. आज नवीन आयसीच्या माहितीपत्रकात पायांचं अंतर ०.८, ०.६५, ०.५ किंवा ०.४ मिमी असं दिलेलं असतं. बर्ग स्ट्रिप, म्हणजे तारा जोडायच्या पायांची पट्टी, मात्र अजून २.५४ वरच आहे. त्यामुळे एकाच पाटीवर दोन्ही घराणी नांदतात. आणि दोनच कशाला? पाटीची जाडी १.६ मिमी सांगतात, ट्रॅकची रुंदी मिलमध्ये, आणि तांब्याची जाडी औंसात. एक चौरस फुटावर एक औंस तांबं सारखं पसरलं की जो थर होतो तो सुमारे ३५ मायक्रॉन जाडीचा, आणि त्याला सगळे ‘वन औंस कॉपर’ म्हणतात.

इथे पहिली गोष्ट पक्की करायला हवी. इंच आणि मिलिमीटर यांच्यातलं नातं अंदाजी नाही. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, पुढे एकही अंक नाही. पूर्वी तसं नव्हतं. अमेरिकेचा इंच २५.४०००५ मिमीच्या जवळ होता आणि ब्रिटनचा २५.४ पेक्षा किंचित कमी. स्वीडनचे कार्ल एडवर्ड योहान्सन कारखान्यांसाठी मोजमापाचे पोलादी ठोकळे बनवत. दोन्ही देशांना चालावेत म्हणून १९१२ साली त्यांनी इंचाचे ठोकळे बरोबर २५.४ मिमी धरून केले. उद्योगांनी ते माप उचललं, आणि १ जुलै १९५९ पासून इंग्रजी भाषक देशांनी तेच अधिकृत केलं. ज्या वर्षी भिलाईची भट्टी पेटली, त्याच वर्षी इंचही मिलिमीटरला कायमचा बांधला गेला. तेव्हा गुणाकारात दोष नाही. गुणाकार करून आलेले अंक आपण कुठे तोडतो, यात सगळं आहे.

आपल्या देशानं तोडण्याचा हा हिशेब एकदा घरोघरी केलेला आहे. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. रुपयाचे सोळा आणे होते, म्हणजे एक आणा सव्वासहा नव्या पैशांचा. पाव पैसा नाण्यात देता येत नाही, म्हणून तक्ता निघाला: एक आणा ६, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. आता बघा. पावली एकदम मोडली तर २५ नवे पैसे मिळतात. तेच चार आणे एकेक करून चार वेळा मोडले तर २४. अख्खा रुपया आण्या-आण्यानं मोडला तर ९६. तक्त्यातला प्रत्येक आकडा बरोबर आहे, तरी चार पैसे गेले. बेरीज करून एकदाच गोल करणं आणि प्रत्येक पायरीला गोल करून मग बेरीज करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्किट बोर्डावर नेमकं हेच घडतं.

अर्ध्या मिलिमीटरचं उदाहरण घेऊ. ०.५ मिमी म्हणजे १९.६८५ मिल, पुढेही अंक आहेत. १४४ पायांच्या चौकोनी आयसीत प्रत्येक बाजूला ३६ पाय असतात, अंतरं ३५. सगळी रांग १७.५ मिमीची. कुणी सोयीसाठी अंतर २० मिल धरलं आणि तेच पुढे पुढे ३५ वेळा टाकलं, तर रांग १७.७८ मिमीची होते. ०.२८ मिमी जास्त. अशा आयसीचा पाय साधारण ०.२२ मिमी रुंद असतो. पहिला पाय पॅडच्या मधोमध ठेवला तर शेवटचा पाय आपल्या पॅडच्या मध्यापासून अर्ध्या अंतराहूनही जास्त सरकतो, म्हणजे शेजारच्या पॅडकडे गेलेला असतो. असा बोर्ड टाकूनच द्यावा लागतो. तेच अंतर १९.७ मिल धरलं तर ३५ वेळा टाकूनही चूक जेमतेम ०.०१३ मिमी होते. सोल्डरच्या कामात ती कळतही नाही. हा फरक मुलांनी एकदा स्वतः कागदावर करून बघावा असा माझा आग्रह असतो. गोल करणं वाईट नाही, पण कितीवर गोल केलं आणि किती वेळा पुढे नेलं हे माहीत हवं.

सॉफ्टवेअरच्या पोटात आकडे कसे ठेवलेले असतात, हे कळलं की पुढचं बरंच उलगडतं. बहुतेक लेआउट सॉफ्टवेअर जागा पूर्णांकांत मोजतात. एक अगदी बारीक एकक ठरवतात आणि प्रत्येक बिंदू ‘अमुक इतकी एककं’ असा लिहून ठेवतात. किकॅड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर १९९२ साली फ्रान्समधले प्राध्यापक जाँ-पिएर शारास यांनी सुरू केलं. पुढे युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेनं त्याला मोठा हातभार लावला. सुरुवातीला त्यात बोर्डाचं एकक मिलचा दहावा भाग होतं, म्हणजे इंचाचा दहाहजारावा. ०.५ मिमी तिथे १९६.८५ एककं होतं. पूर्णांक हवा म्हणून १९७. तुम्ही अर्धा मिलिमीटर लिहिला, तरी ठेवला गेला ०.५००३८. इंचातला बोर्ड त्यात अचूक यायचा, मिलिमीटरमधला कधीच पूर्ण यायचा नाही.

मग एकक बदलून नॅनोमीटर केलं गेलं. २०१५ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत ते होतंच. ही निवड मला फार समजूतदार वाटते. एक मिल म्हणजे २५,४०० नॅनोमीटर, पूर्णांक. मिलचा दहावा भाग २,५४०, शंभरावा २५४, तेही पूर्णांक. अर्धा मिलिमीटर म्हणजे पाच लाख नॅनोमीटर. दोन्ही घराणी एकाच पाटावर बसली आणि कुणालाही मोडावं लागलं नाही. एकक इतकं लहान केलं की बोर्ड मोठा करता येणार नाही अशी भीती असते, पण ३२ बिटांच्या पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ पर्यंत मोजता येतं, म्हणजे मध्यापासून एका बाजूला दोन मीटरहून जास्त. एवढा बोर्ड कुणाला लागतो? ईगल या सॉफ्टवेअरनं सहाव्या आवृत्तीत मिलिमीटरचे ३,२०,००० भाग केले. तिथे एका मिलमध्ये बरोबर ८,१२८ एककं बसतात. आल्टियमचं एकक इंचाकडून आलेलं, मिलचा दहाहजारावा भाग, २.५४ नॅनोमीटर. तिथे इंच पूर्ण येतो आणि मिलिमीटरला शेष उरतो, पण तो शेष एखाद्या नॅनोमीटरचा. तांब्याला तो कळणार नाही.

तांब्याला कळत नाही, तरी तपासणीला कळतो. मुलं माझ्याकडे येतात ती बहुधा इथूनच. “काकू, मी ०.२ मिमीच जागा सोडली होती, तरी लाल खूण का येते?” सॉफ्टवेअरमध्ये नियमांची तपासणी असते, दोन ट्रॅकमध्ये ठरवलेल्यापेक्षा कमी जागा असली की खूण उमटते. मुलानं काय केलेलं असतं? पडदा मिलमध्ये ठेवलेला. ०.२ मिमी म्हणजे ७.८७४ मिल. पडद्यावर दोनच दशांश दिसतात म्हणून त्यानं ७.८७ वाचलं आणि दुसऱ्या जागी हातानं ७.८७ टाकलं. ७.८७ मिल म्हणजे ०.१९९८९८ मिमी. दहा-हजारांश मिलिमीटर कमी. तपासणी तुलना करते, दयामाया करत नाही. बोर्ड बनायला काहीच अडचण नव्हती, कारण कारखान्याची स्वतःची घटबढ याच्या कितीतरी पट असते. पण अशा पन्नास लाल खुणांच्या गर्दीत एकावन्नावी खूण खऱ्या चुकीची असली तर ती डोळ्यांना दिसत नाही. मला भीती असते ती याची.

पडद्यावरचा आकडा हा दाखवण्यापुरता गोल केलेला असतो; खरा आकडा आत असतो. मुलांनी पडद्यावरचा आकडा कागदावर उतरवला, मित्राला पाठवला, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला, की गोल केलेलाच खरा होऊन बसतो. पुढचा त्यालाही पुन्हा गोल करतो.

आणखी एक जागा आहे जिथे नावच आकडा म्हणून घेतलं जातं. बारीक रेझिस्टरचं एक माप ०६०३ नावानं ओळखतात. इंचाचे सहा शंभरांश लांब, तीन शंभरांश रुंद, असा त्याचा अर्थ. गुणाकार केला तर १.५२४ आणि ०.७६२ मिमी येतात. प्रत्यक्षात तो भाग १.६ आणि ०.८ मिमीचा असतो. नाव गोल केलेलं आहे, वस्तू नाही. शिवाय मेट्रिक पद्धतीत ०६०३ म्हणजे ०.६ बाय ०.३ मिमीचा, मोहरीपेक्षाही लहान भाग, ज्याला इंचवाले ०२०१ म्हणतात. एकच नाव, दोन भाग. ऑर्डर देताना पद्धत लिहिली नाही तर पाकिटातून काय निघेल सांगता येत नाही. कनेक्टरचंही तसंच. बाजारात सगळीकडे मिळणारं जेएसटी एक्सएच जातीचं कनेक्टर बरोबर २.५ मिमीचं असतं, पण पुष्कळजण ते २.५४ च्या चित्रावर बसवायला जातात. तीन पायांचं बसतं. दहा पायांचं बसवताना टोकाचे पाय ०.३६ मिमी चुकतात आणि वाकवावे लागतात. सोव्हिएत आयसीचा हिशेब पुन्हा जसाच्या तसा.

संगणकाला दशांश अपूर्णांकांचा एक स्वतंत्र त्रास असतो तोही सांगायला हवा. तो दोनच्या पटीत मोजतो. अर्धा, पाव, अष्टमांश त्याला पूर्ण लिहिता येतात. एक दशांश येत नाही. आपल्याला एक तृतीयांश लिहिताना ०.३३३३ करत कुठेतरी थांबावं लागतं, तसंच त्याला ०.१ लिहिताना थांबावं लागतं. २५.४ सुद्धा त्याला पूर्ण लिहिता येत नाही. बोर्डावर याचं सहसा काही होत नाही, पण हीच गोष्ट साठत गेली तर काय होतं ते २५ फेब्रुवारी १९९१ ला आखाती युद्धात दिसलं. सौदी अरेबियात दहरान इथे अमेरिकेची पॅट्रियट ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा सुमारे शंभर तास सलग चालू होती. ती वेळ दशांश सेकंदात मोजायची आणि ०.१ हा आकडा २४ बिटांत तोडलेला होता. शंभर तासांत घड्याळ सुमारे ०.३४ सेकंद घसरलं, येणारं क्षेपणास्त्र तिला सापडलं नाही, आणि २८ सैनिक गेले. एका वेळची चूक एक कोटीव्या भागाइतकी होती. म्हणूनच लेआउट सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी पूर्णांकांचा रस्ता धरला, आणि तो योग्य धरला.

सॉफ्टवेअरमधून बाहेर पडताना मात्र आकड्यांना पुन्हा एका अरुंद दारातून जावं लागतं. बोर्डाचं चित्र कारखान्याकडे जातं ते बहुतेक गर्बर फाइलींतून. व्हिएन्नात जन्मलेले, नाझींच्या तावडीतून निसटून अमेरिकेला पोचलेले जोसेफ गर्बर यांच्या कंपनीची ही पद्धत १९८० सालची. आज तिचा सांभाळ बेल्जियमची युकॅम्को कंपनी करते. या फाइलीत आकडे दशांशचिन्हाशिवाय लिहितात. किती अंक पूर्णांकाचे आणि किती अपूर्णांकाचे हे सुरुवातीला सांगतात. जुन्या सवयीनं कुणी इंच निवडून दोन-तीन अशी रचना ठेवली, तर शेवटचा अंक एका मिलचा होतो, त्याखाली काही लिहिताच येत नाही. मग अर्ध्या मिलिमीटरवरचे पॅड २०, ३९, ५९, ७९ मिलवर जातात. अंतर कुठे वीस, कुठे एकोणीस. इथे चूक साठत नाही, कारण प्रत्येक जागा मूळ बिंदूपासून वेगळी गोल झाली. पण रांग वेडीवाकडी होते. मिलिमीटर आणि चार-सहा अशी रचना ठेवली तर शेवटचा अंक एका नॅनोमीटरचा, प्रश्नच मिटतो. युकॅम्कोची शिफारसही तीच आहे.

अरुंद दाराचा खरा फटका तांब्याच्या मोठ्या पसाऱ्याला बसतो. जमिनीच्या जोडणीसाठी बोर्डाची मोकळी जागा तांब्यानं भरतात. तिची कड शेकडो बिंदूंची असते, पॅडांना वळसे घालत जाणारी. हे बिंदू जाड एककावर गोल केले की शेजारचे दोन बिंदू एकमेकांवर येतात किंवा एकमेकांच्या पलीकडे जातात. कड स्वतःलाच छेदते, आणि आत कुठलं, बाहेर कुठलं हे कारखान्याच्या मशीनला कळेनासं होतं. जिथे मोकळी जागा हवी होती तिथे तांबं भरलं जाऊ शकतं. म्हणजे शॉर्ट सर्किट. काही मायक्रॉनची चूक आणि तिचा परिणाम ठळक.

भोकांची फाइल वेगळी असते. ती इंचात आणि तांब्याची मिलिमीटरमध्ये असं पुष्कळ वेळा घडतं. कुणी ती चुकून दुसऱ्याच एककात वाचली तर भोकांमधली अंतरं २५.४ पट कमी किंवा जास्त होतात. ही चूक भयंकर दिसते पण निरुपद्रवी असते, कारण पडद्यावर बघताक्षणी कळते. खरा त्रास देतं ते पॅडच्या मध्यापासून थोडंसं सरकलेलं भोक, कारण त्याच्याभोवतीची तांब्याची अंगठी एका बाजूला बारीक होते. बोर्ड चालतो, वर्षभर चालतो, आणि मग कधीतरी मशीनच्या थरथरीनं ती बारीक कड तुटते.

किती चूक चालेल हे कामावर ठरतं, आणि याचा दाखला आमच्या दारात आहे. दुर्ग स्टेशनातून मुंबई-हावडा मार्गाच्या गाड्या जातात, आणि देशभरच्या रेल्वेचे रूळ भिलाईत घडतात. भारतीय ब्रॉडगेज मुळात साडेपाच फूट, म्हणजे ६६ इंच. हिशेबानं १६७६.४ मिमी. रेल्वे १६७६ लिहिते. जे ०.४ मिमी गाळले गेले त्यांनी गाडीच्या चाकाला काही होत नाही, कारण रुळांच्या अंतरात काही मिलिमीटरची घटबढ चालतेच. तेच ०.४ मिमी बोर्डावर दोन पायांमधलं सगळं अंतर असतं. आकड्याचे अंक तोडण्यापूर्वी ते कुठे वापरायचे आहेत हे विचारलं पाहिजे, आणि कॉलेजात हे विचारायला शिकवत नाहीत ही माझी तक्रार आहे. ‘उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत काढा’ एवढंच प्रश्नपत्रिकेत असतं. दोनच का, हे कोण सांगतं?

शिकणाऱ्यांना माझं सांगणं असं. माहितीपत्रकात माप ज्या एककात दिलं असेल त्याच एककात पडदा ठेवून तो भाग काढा. मिमीचा भाग मिमीत, बर्ग स्ट्रिप इंचात. सॉफ्टवेअरला दोन्ही चालतं, तुम्ही मध्ये गुणाकार करू नका. पायांची रांग काढताना एका अंतराची नक्कल पुढे पुढे ढकलू नका. भागाच्या मध्यापासून प्रत्येक पॅडची जागा सांगा, आणि शेवटी पहिल्या व शेवटच्या पॅडमधलं अंतर माहितीपत्रकाशी ताडून बघा. ही एक तपासणी केली तर बाकीच्या बहुतेक चुका तिथेच सापडतात. नियम ठरवताना एकच एकक धरा. फाइली बाहेर काढताना तांबं आणि भोकं दोन्ही मिमीत ठेवा, आणि पाठवण्याआधी दोन्ही एकमेकांवर ठेवून बघा. कागदावर एकास एक आकारात छापून भाग वर ठेवून बघणं हा जुना उपाय आजही उत्तम आहे, फक्त छापताना ‘पानात बसव’ ही खूण काढलेली हवी.

महागडं सॉफ्टवेअर नाही म्हणून कुणी अडू नये. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पानं ईसिम नावाचं फुकट सॉफ्टवेअर तयार केलं आहे, ते किकॅडच्याच आधारावर उभं आहे. नॅनोमीटरचं एकक आमच्या गल्लीतल्या मुलाला पैसे न मोजता मिळतं.

आणि बोर्ड बनवणाऱ्या आपल्या देशातल्या कारखानदारांना एक विनंती. तुमच्या मागणीपत्रकावर कमीत कमी ट्रॅक ‘६ मिल / ०.१५ मिमी’ असा छापलेला असतो. हे दोन आकडे एक नाहीत. ६ मिल म्हणजे ०.१५२४ मिमी, आणि ०.१५ मिमी म्हणजे ५.९०५५ मिल. मुलगा ०.१५ धरून बोर्ड काढतो, तुमची तपासणी ६ मिलवर लावलेली असते, आणि सगळा बोर्ड नापास होऊन परत येतो. तुमच्या मशीनची खरी मर्यादा यातली कुठली, तेवढा एकच आकडा त्या पत्रकावर छापा.